घरच्या डीव्हीडी-व्हीसीडी संगणकावर घेताना: आधी नक्कल, मग रूपांतर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. आपल्याकडे १९९९ ते २०१२ या काळातल्या ५५ तबकड्या आहेत. त्यांपैकी ३१ डीव्हीडी आणि २४ व्हीसीडी आहेत. बहुतेकींवर लग्ने, मुंजी आणि साठीशांतीची चित्रणे आहेत, तर पाच डीव्हीडी विकत घेतलेल्या मराठी नाटकांच्या आहेत. लॅपटॉपला ड्राइव्ह नसल्याने आपण यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह घेतला आहे. ही चित्रणे अमेरिकेतल्या मुलीला पाठवायची आहेत आणि घरी पेन ड्राइव्हने टीव्हीवर पाहायची आहेत. रिप करणे आणि कन्व्हर्ट करणे ही दोन्ही कामे करणारे एकच चांगले सॉफ्टवेअर सुचवा, पैसे मोजायची तयारी आहे, असे आपण लिहिले आहे.

एकच सॉफ्टवेअर शोधू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. रिप करणे म्हणजे तबकडीवरचा मजकूर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घेणे, आणि कन्व्हर्ट करणे म्हणजे तो मजकूर उलगडून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा बांधणे. पहिल्या कामात चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्यात तो प्रत्येक वेळी थोडा तरी घटतो, आणि घटलेला दर्जा परत आणता येत नाही. ही दोन कामे एकाच बटणाखाली दडवणारी जी सॉफ्टवेअर बाजारात आहेत, ती वापरणाऱ्याला मधला टप्पा दिसूच देत नाहीत. मग पाच वर्षांनी नवा टीव्ही आला, नवी पद्धत रुजली, की मूळ तबकडीकडे परत जावे लागते, आणि तोवर ती वाचण्याजोगी राहिलेली असेलच असे नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००६ साली घरातल्या दोन लग्नांच्या डीव्हीडी मी प्रत्येकी ७०० एमबीच्या एव्हीआय फायलींत बसवल्या, कारण तेव्हा हार्ड डिस्क महाग होती आणि एका सीडीवर मावेल एवढी फाइल करणे हीच हुशारी समजली जात होती. चौकटीचे प्रमाण चुकल्यामुळे सगळी माणसे किंचित लांबोडकी झाली आणि हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला आडव्या रेघा कायमच्या गोठल्या. पुढे मूळ तबकड्यांचा रंगद्रव्याचा थर खराब झाला आणि आता त्या लग्नांची तेवढीच लांबोडकी आठवण आमच्याकडे उरली आहे. यात दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. मी आधी नक्कल करून ठेवली नव्हती, एवढेच.

आज जागेची ती अडचण उरलेली नाही. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मजकूर मावतो आणि व्हीसीडीवर साधारण पाऊण जीबी. आपल्या सगळ्या तबकड्या एका थराच्या आणि काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी एकूण आकडा १६५ जीबीच्या आसपास जातो, म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कचा सहावा भाग. तेव्हा मूळ मजकूर न बदलता दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि टीव्हीसाठी व मुलीसाठी लागणाऱ्या छोट्या फायली त्यावरून सवडीने बनवा.

आता डीव्हीडीच्या नकलेविषयी. घरगुती किंवा स्टुडिओतून मिळालेल्या डीव्हीडीला कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारे तांत्रिक संरक्षण, नसते, त्यामुळे सगळ्यात साधा मार्ग म्हणजे तबकडीवरचा ‘व्हिडिओ टीएस’ हा संपूर्ण फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर ठेवणे. त्यात व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या फायली असतात आणि त्यांच्यासोबत आयएफओ व बीयूपी या लहान फायली असतात. पुष्कळ लोक फक्त मोठ्या व्हीओबी फायली घेतात आणि लहान फायली कचरा समजून टाकून देतात. तसे करू नये, कारण कुठला भाग कुठे सुरू होतो, चौकट ४:३ आहे की १६:९, प्रकरणे कुठे पडतात, हा सगळा हिशेब आयएफओमध्ये असतो आणि बीयूपी ही त्याचीच राखीव प्रत असते. शिवाय १ जीबीचा तुकडा हा केवळ साठवणुकीच्या सोयीसाठी पाडलेला असतो. तो सप्तपदीच्या मधोमधही पडू शकतो. म्हणून एकेक व्हीओबी सुटी कन्व्हर्ट करणे हा चुकीचा मार्ग आहे.

फोल्डर ठेवण्याऐवजी प्रत्येक कार्यक्रमाची एक सलग फाइल हवी असेल तर मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरावे. ते डीव्हीडीवरचे चित्र आणि आवाज जराही न बदलता एमकेव्ही नावाच्या पेटाऱ्यात ठेवते, आणि डीव्हीडीपुरता त्याचा वापर विनामूल्य आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: मूळ सेटिंगमध्ये ते १२० सेकंदांपेक्षा लहान भाग गाळते. लग्नाच्या डीव्हीडीत सुरुवातीची पत्रिकेची दृश्ये किंवा शेवटची फोटोंची माळ अनेकदा स्वतंत्र छोटा भाग म्हणून टाकलेली असते आणि ती निमूटपणे वगळली जाते. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा १० सेकंदांवर आणा. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते.

व्हीसीडीची जात वेगळी आहे आणि वरचे सॉफ्टवेअर तिला हात लावत नाही. व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात डॅट फायली दिसतात. त्यांतले चित्र एमपीईजी-१ पद्धतीचे, पाल या आपल्याकडच्या टीव्ही प्रणालीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि सेकंदाला ११५० किलोबिट एवढ्याच वेगाचे असते. सीडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावावे म्हणून या पद्धतीत एक तडजोड केलेली आहे. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट मजकूर असतो आणि उरलेली जागा चूक दुरुस्तीसाठी राखलेली असते. व्हीसीडीच्या चित्राच्या कप्प्यात मात्र ती राखीव जागाही चित्रालाच देऊन २३२४ बाइट भरलेले असतात. परिणाम असा की ज्या ओरखड्यावरून साधी डेटा सीडी सहज पार होते, त्याच ओरखड्यावर व्हीसीडी अडखळते आणि विंडोजमधली फाइल कॉपी मध्येच थांबून त्रुटी दाखवते. म्हणून आपल्या संग्रहातल्या व्हीसीडी आधी हाताळाव्यात, डीव्हीडी नंतर.

धडधाकट व्हीसीडीची डॅट फाइल सरळ कॉपी होते आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. ती इतर सॉफ्टवेअरला समजावी म्हणून तिच्यावरचे सीडीचे वेष्टण काढून शुद्ध एमपीजी फाइल करण्याचे काम व्हीसीडीगिअर हे छोटे जुने साधन चोख करते. मग एमकेव्हीटूलनिक्स या साधनाने ती एमकेव्हीत ठेवली की झाले. व्हीसीडीचे चित्र पुन्हा बांधून आकार कमी करण्याच्या भानगडीत पडू नका, कारण मुळात ती इतकी पिळलेली आहे की आणखी पिळल्यावर चेहऱ्यांचे चौकोन तेवढे उरतात. केवळ टीव्ही एमपीईजी-१ घेत नसेल तरच एक वेगळी प्रत बनवावी आणि ती बनवताना फाइल मूळ फाइलीपेक्षा मोठी झाली तरी वाईट वाटून घेऊ नये.

आता कन्व्हर्ट करण्याकडे वळू. यासाठी हँडब्रेक घ्या. २००३ साली एरिक पेटिट यांनी बीओएस या आता विस्मृतीत गेलेल्या प्रणालीसाठी ते प्रथम लिहिले, आणि १.० ही आवृत्ती यायला डिसेंबर २०१६ उजाडला. ते मुक्तस्रोत आणि विनामूल्य आहे, विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते. त्याच्या पोटात चित्र बांधण्याचे काम एक्स२६४ आणि एक्स२६५ ही साधने करतात. बाजारात पैसे देऊन मिळणाऱ्या कित्येक कन्व्हर्टरच्या पोटातही हीच किंवा एफएफएमपेग ही विनामूल्य साधने असतात, वरचे रंगीत आवरण तेवढे वेगळे. म्हणून पैसे मोजायची तयारी असली तरी या कामासाठी मोजू नयेत. माझ्या एका परिचितांनी एका विकतच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती वापरून २० तबकड्या कन्व्हर्ट केल्या आणि मूळ तबकड्या नातेवाइकांना परत दिल्यावर त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक चित्रणाच्या मधोमध कंपनीचे नाव पसरलेले आहे. इंटरनेटवर फाइल चढवून कन्व्हर्ट करून देणारी संकेतस्थळेही घरगुती चित्रणांसाठी मला अयोग्य वाटतात. वेग मिळत नाही, शिवाय घरातली मंडळी कुठल्या तरी अज्ञात सर्व्हरवर जाऊन बसतात.

विनामूल्य सॉफ्टवेअर घेताना एक सावधगिरी हवी. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको, कारण सारख्या नावाची नकली पाने पुष्कळ आहेत. अधिकृत ठिकाणीही डोळे उघडे ठेवावे लागतात. २ ते ६ मे २०१७ या दिवसांत हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकच्या आवृत्तीऐवजी घातक प्रोग्राम ठेवला गेला होता. त्यांनी ते स्वतः जाहीर केले. उतरवलेल्या फायलीची पडताळणी संख्या (चेकसम) संकेतस्थळावरच्या संख्येशी ताडून पाहणे हा त्यावरचा उपाय आहे आणि त्याला मिनिटभर पुरते.

हँडब्रेकबद्दल एक गैरसमज मी वारंवार ऐकतो: त्यानेच रिप होते, मग दुसरे कशाला? ते डीव्हीडी थेट वाचते हे खरे, पण चित्र जसेच्या तसे ठेवण्याची सोय त्यात नाही. त्यातून बाहेर पडणारे चित्र नेहमी नव्याने बांधलेले असते. म्हणून ते दुसऱ्या टप्प्याचे साधन आहे, पहिल्याचे नव्हे. त्याला तबकडीऐवजी हार्ड डिस्कवरचा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर किंवा एमकेव्ही फाइल द्या. ड्राइव्हची झीज वाचते आणि रात्रभर रांग लावून ठेवता येते.

आता ज्या एका गोष्टीवर घरगुती डीव्हीडीचे भले-बुरे खऱ्या अर्थाने ठरते, तिच्याकडे थोडे विस्ताराने पाहू. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे चित्र इंटरलेस्ड असते. पाल प्रणालीत सेकंदाला २५ चौकटी असतात असे आपण म्हणतो, पण त्या प्रत्येक चौकटीत दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रे एकाआड एक रेघेत विणलेली असतात, म्हणजे प्रत्यक्षात कॅमेऱ्याने सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. काचेच्या नळीचा जुना टीव्ही ही अर्धी चित्रे त्याच क्रमाने एकापाठोपाठ एक रंगवीत असे, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसे. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही अर्धी चित्रे एकदम दाखवतो. नवरीचा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात ते यामुळे. अक्षता पडतानाचे दृश्य पाहा, तिथे हे सगळ्यात ठळक दिसते.

या रेघा घालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात दोन अर्ध्या चित्रांतून एकच चौकट बनवली जाते आणि सेकंदाला २५ चौकटी उरतात. बहुतेक सॉफ्टवेअर आपल्या मताने हेच करतात. रेघा जातात, पण हालचालीची अर्धी माहितीही जाते आणि बँडबाजापुढे नाचणारी मंडळी किंचित धक्क्याधक्क्याने नाचू लागतात. दुसऱ्या मार्गाला बॉब म्हणतात. त्यात प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण चौकट केली जाते, सेकंदाला ५० चौकटी मिळतात आणि मूळ कॅमेऱ्याने जे जे पाहिले ते सगळे जपले जाते. घरगुती चित्रणासाठी मी नेहमी दुसराच मार्ग वापरतो. फाइल थोडी मोठी होते, ती होऊ द्यावी.

हँडब्रेकमध्ये यासाठी ‘सुपर एचक्यू ५७६पी२५ सराउंड’ हा तयार संच निवडून त्यात तीन बदल करावेत. फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस, म्हणजे या रेघा घालवणे, यासाठी बीडब्ल्यूडिफ किंवा यॅडिफ निवडून त्याचा प्रकार बॉब करावा. व्हिडिओच्या पानावर सेकंदाला ५० चौकटी आणि त्यांचा वेग स्थिर, असे सांगावे. तिसरा बदल दर्जाच्या आकड्याचा आहे. त्याला तिथे आरएफ म्हणतात आणि तो जितका लहान तितका दर्जा चांगला. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ हा पट्टा सर्वसाधारणपणे सुचवला जातो. मी घरगुती चित्रणाला १८ ठेवतो, कारण हॉलमधला अपुरा उजेड आणि कॅमेऱ्याचा खरखरीतपणा यांत तपशील लवकर हरवतो. एक्स२६४ मध्ये हा आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, यावरून अंदाज बांधता येईल. ‘अमुक एमबीचीच फाइल हवी’ असा हट्ट मात्र धरू नका, कारण शांत कीर्तनाला लागणारी जागा आणि वरातीला लागणारी जागा सारखी नसते, आणि आरएफचा उपयोगच तो फरक सॉफ्टवेअरवर सोपवण्यासाठी आहे.

चित्र बांधण्याची पद्धत कुठली निवडावी? एच.२६४, म्हणजे एक्स२६४ हे साधन जी बांधते ती. ती २००३ सालची आहे, एच.२६५ २०१३ ची आणि एव्ही१ २०१८ ची. नव्या पद्धती कमी जागा घेतात हे खरे असले तरी घरातला जुना टीव्ही, आत्याचा फोन, मुलीच्या सासरचा टॅब्लेट, या सगळ्यांवर निमूटपणे चालणारी पद्धत आजही एच.२६४ हीच आहे, आणि डीव्हीडीएवढ्या लहान चित्रात वाचणारी जागा त्या कटकटीच्या मानाने नगण्य असते. एक्स२६४ चा वेग ‘स्लो’ ठेवा. एवढ्या लहान चित्राला चार कोअरच्या साध्या लॅपटॉपवरही एका तासाच्या चित्रणासाठी तासापेक्षा कमी वेळ लागतो. इंटेल क्विक सिंक किंवा एनव्हिडियाचा एनव्हीईएनसी असे हार्डवेअर पर्याय यादीत दिसतील. ते फार वेगवान असतात, पण तेवढ्याच आकारात दर्जा सहसा कमी देतात. जे काम आयुष्यात एकदाच करायचे आहे त्यात घाईचे प्रयोजन नाही.

चौकटीच्या प्रमाणात हात घालू नका. पाल डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, पण ते ठिपके चौरस नसतात, म्हणून ४:३ चे चित्र पडद्यावर ७६८ बाय ५७६ एवढे पसरून दाखवायचे असते. हँडब्रेक हे मूळ माहितीवरून आपोआप करते. ते ‘दुरुस्त’ करायला गेलेला माणूस माझ्या २००६ च्या फायलींसारख्या फायली बनवतो. कडेची काळी पट्टी कापण्याचे स्वयंचलित काम मात्र बंद करून स्वतः पाहून ठरवावे. मूळ चित्रण व्हीएचएस कॅसेटवरचे असेल तर सगळ्यात खालच्या काही रेघा थरथरताना दिसतील. त्या कॅसेटच्या यंत्रणेतूनच येतात, पूर्वीचा टीव्ही कडा झाकत असल्याने कोणाला दिसत नसत, आणि त्या ८ ते १२ रेघा कापल्याने काही बिघडत नाही. चित्र मोठे करून एचडी बनवण्याचा मोह टाळा. कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्टता वाढवणारी साधने मी करून पाहिली आहेत. चेहरे गुळगुळीत होतात हे खरे, पण आजोबांच्या जागी मेणाचे कोणी तरी बसल्यासारखे वाटते.

आवाजाबाबत फार सांगण्यासारखे नाही. डीव्हीडीत तो एसी-३, एमपी२ किंवा न आवळलेल्या एलपीसीएम स्वरूपात असतो. टीव्ही आणि फोनसाठी तो एएसी पद्धतीत सेकंदाला १६० किंवा १९२ किलोबिटने बांधला की पुरे. पेटारा म्हणून वाटायच्या प्रतीला एमपी४ घ्यावा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने आखलेला (फॉरमॅट केलेला) असेल तर त्यावर जागा असली तरी ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. टीव्ही एक्सएफएटी वाचत असेल तर ड्राइव्ह तसा आखून घ्यावा. मात्र आखणी बदलताना त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी तो रिकामा करावा.

मुलीसाठी एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही प्रणालीत वेगळी प्रत करावी का, असे आपण विचारले आहे. पूर्वी भारतात केलेल्या लग्नाच्या डीव्हीडी अमेरिकेतल्या प्लेअरवर अनेकदा चालत नसत, ही आठवण खरी आहे, पण तो प्रश्न प्लेअरचा आणि तिथल्या टीव्हीचा होता. संगणक, फोन आणि आजचे टीव्ही यांना एमपी४ फाइलमधल्या २५ किंवा ५० चौकटींचे सहसा वावडे नसते. चौकटींचा वेग ३० किंवा ६० केला तर हालचालीत न जाणारा अडखळा बसेल. तेव्हा वेग आहे तोच राहू द्या. विभाग क्रमांकाची, म्हणजे तबकडी जगाच्या कुठल्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या आकड्याची, चिंता घरगुती तबकडीला लागू नाही. तो विकाऊ डीव्हीडींवर असतो आणि भारतासाठी तो ५ आहे. ड्राइव्हमध्ये हा क्रमांक पाचच वेळा बदलता येतो, एवढे ध्यानात ठेवून विनाकारण तिथे बोट लावू नये.

आता न वाचल्या जाणाऱ्या तबकड्यांविषयी. साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसणे, गोल गोल न पुसणे, हा पहिला उपाय. दुसरा ड्राइव्ह लावून पाहणे हा दुसरा, आणि तो वाटतो त्यापेक्षा फार उपयोगी आहे, कारण एका ड्राइव्हला न दिसणारा कप्पा दुसऱ्याला दिसू शकतो. मी अशा डीव्हीडींसाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो. ते आधी सहज वाचता येणारे सगळे उतरवून घेते, अडलेल्या जागा एका नोंदवहीत टिपून ठेवते आणि नंतर फक्त त्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तीच नोंदवही घेऊन तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की ते उरलेल्या जागांपासून पुढे चालू होते. एका ड्राइव्हने वाचलेले आणि दुसऱ्याने वाचलेले असे मिळून कधी कधी पूर्ण तबकडी हाती येते. विंडोजवर हेच काम आयसोबस्टर करते, त्याचे काही भाग विकत घ्यावे लागतात, आणि या सगळ्या उत्तरात पैसे खर्च करावेत असे मी म्हणेन ते एवढेच एक ठिकाण आहे. घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर मुद्रित करून ‘फायनलाइज’ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण करायची, राहून गेलेली तबकडी संगणकाला कोरी दिसते, तीही आयसोबस्टरला पुष्कळदा उघडता येते.

नाटकांच्या पाच डीव्हीडींचा विचार वेगळा करावा लागेल. विकाऊ डीव्हीडींना बहुधा सीएसएस नावाचे कुलूप असते आणि हँडब्रेक स्वतः ते उघडत नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तिथे ‘भंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याबाबत अधिक कडक असून तिथे कुलूप मोडणेच सामान्यतः बेकायदा धरले जाते. मी वकील नाही. पण नाटकाची प्रत बनवून मुलीला पाठवणे आणि मुलीने ती मैत्रिणींना देणे ही साखळी घरगुती वापराच्या बाहेर जाते, हे समजायला वकील लागत नाही. नाटकांच्या मूळ डीव्हीडीच तिला द्याव्यात, असे मी सुचवेन.

कामाला लागण्यापूर्वी मीडियाइन्फो हे छोटे विनामूल्य साधन घेऊन एका डीव्हीडीची फाइल त्यात उघडून पाहा. चित्र इंटरलेस्ड आहे की नाही, वरची रेघ आधी येते की खालची, सेकंदाला किती मेगाबिट खर्ची पडले आहेत, हे सगळे ते सांगते. दोन तासांचे चित्रण एका थराच्या डीव्हीडीवर असेल तर वेग सरासरी ५ मेगाबिटच्या आसपास दिसेल आणि चित्र समाधानकारक असेल. चार तास कोंबलेले असतील तर तो अडीचवर आलेला दिसेल आणि नाचगाण्यात चौकोन उमटलेले असतील. स्टुडिओने तबकडीचा खर्च वाचवलेला असतो आणि त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरकडे औषध नाही.

मग एका डीव्हीडीतली तीन मिनिटे तेवढी कन्व्हर्ट करा. भाग निवडण्याची सोय हँडब्रेकच्या पहिल्याच पानावर आहे. शक्यतो अक्षतांची किंवा वरातीची तीन मिनिटे निवडा. ती फाइल पेन ड्राइव्हने टीव्हीवर लावा आणि चेहरे लांबोडके नाहीत, हलत्या हाताला दात फुटत नाहीत, हालचाल पुढे-मागे थडथडत नाही, ओठ आणि आवाज जुळतात, एवढे जवळून पाहा. हालचाल थडथडत असेल तर वरची आणि खालची रेघ यांचा क्रम उलटा धरला गेला आहे. फिल्टरच्या स्वतंत्र सेटिंगमध्ये तो बदलून तीच तीन मिनिटे पुन्हा करून पाहावीत. हे जमले की बाकीच्या घरगुती डीव्हीडी त्याच सेटिंगने रांगेत लावा, रात्री झोपताना सुरू करा आणि लॅपटॉप पलंगावर न ठेवता टेबलावर ठेवा, कारण तो रात्रभर चांगलाच तापतो.